मागची डावी सीट

"नवी घेऊ की वापरलेली, एवढंच सांगा अव्वा. बाकी मला काही विचारायचं नाही."

चनबस मगदूम मठाच्या ओट्यावर बसला होता. बसला कसला, नुसता टेकला होता. पांढऱ्या पँटला धूळ लागेल म्हणून अर्धा हवेतच.

तायव्वा शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही.

टेकडीवरच्या या मठात त्यांना लहानथोर सगळे अव्वा म्हणतात. मी इथं चहापाण्याचं बघतो. एसटीत कंडक्टर होतो, निवृत्त झालो आणि इथंच येऊन टेकलो. माझं नाव अव्वांना माहीत आहे, पण हाक मारतात ती कंडक्टर म्हणूनच.

चनबस त्यांचा जुना शिष्य. मोठी फौंड्री आहे त्याची, लोखंडाचं ओतकाम चालतं. नवीन भट्टी असो नाहीतर मुलीचं स्थळ, अव्वांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. पण विचारतो असा, की उत्तर घरूनच ठरवून आणलेलं असतं. अव्वांनी नुसती मान हलवायची.

"काय नवी?" अव्वा म्हणाल्या.

"गाडी, अव्वा. कंपनीची सगळ्यात वरची. त्याच्यावर दुसरी नाही."

"असं."

"मालकानं मागं बसायची गाडी आहे ती. पुढं ड्रायव्हर. मागची डावी सीट मालकाची. सीट पार आडवी होते. पायाखाली टेकू येतो. बटण दाबलं की पाठ चोळून देते."

"पाठ चोळून देते?"

"हो."

"घरात कुणी नाही का?"

मी पटकन चहाचा कप तोंडाला लावला. नाहीतर हसू फुटलं असतं आणि गडी भडकला असता.

चनबसला मात्र चेष्टा ऐकायला फुरसत नव्हती. तो सांगतच सुटला. नवी घेतली तर कोरी करकरीत, कंपनीची हमी, रंग आपल्या मनाचा. पण थांबावं लागतं, आणि शोरूमच्या दारातून बाहेर काढली की किंमत घसरलीच. वापरलेली घेतली तर तीच गाडी निम्म्यात, आणि आजच्या आज दारात. पण या गाड्या हवेच्या सस्पेन्शनवर उभ्या असतात. ते गेलं की गाडी बुडावर बसते, आणि पार्ट परदेशातून येईपर्यंत तशीच बसून राहते.

"घरात काय म्हणतात?" अव्वांनी विचारलं.

"ती म्हणते नवीच घ्या. दुसऱ्याची उतरलेली दारात नको."

"मग नवी घे."

"पण ही वापरलेली एकाच हातातली आहे, अव्वा. फार चाललेली नाही. कुठं ओरखडा नाही."

"मग ही घे."

"अव्वा, चेष्टा करू नका."

अव्वांनी एक शेंग फोडली. किडकी निघाली. बाजूला ठेवली.

"कुणाच्या हातातली?"

"असेल कुणाची तरी. डीलरकडं आली आहे. त्यानं आज ट्रायलला दिली, खाली चिंचेखाली उभी केली आहे. सांगलीचा एक जण तिच्या मागं लागलाय. संध्याकाळपर्यंत मला हो की नाही सांगायचंय."

"कुणाच्या, चनबस?"

त्यानं पँटवरची नसलेली धूळ झटकली.

मी मघाशीच खाली जाऊन गाडी बघून आलो होतो. काळी, लांबलचक. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"दादाची," चनबस म्हणाला.

*

दादा म्हणजे महालिंग मगदूम, त्याचा थोरला भाऊ. बाप लवकर गेला. महालिंगनं शाळा सोडली आणि दुसऱ्याच्या भट्टीवर राबून धाकट्याला इंजिनियर केलं. मग दोघांनी मिळून स्वतःची फौंड्री काढली. राम-लक्ष्मण म्हणायचे लोक त्यांना.

चांगले दिवस आले तेव्हा महालिंगनं ही गाडी घेतली. तेव्हा ती नवी होती. पहिली पूजा इथंच, टेकडीच्या पायथ्याला, त्याच चिंचेखाली.

आमच्या मठाची एक रीत आहे. नव्या गाडीत घरातल्या थोरल्यानं आपलं आपण चढायचं नाही. धाकट्यानं दार उघडायचं, थोरल्याचा हात धरून त्याला बसवायचं, आणि मगच चाकाखालच्या लिंबांवरून गाडी काढायची. त्या दिवशी चनबसनं दार उघडलं, दादाला हाताला धरून मागच्या डाव्या सीटवर बसवलं, आणि स्वतः पुढं बसून गाडी हलवली. काय आनंद होता त्याच्या तोंडावर! गाडी जशी काही त्याचीच.

वर्ष फिरलं नाही तोवर दोघं भाऊ वेगळे झाले. लोक म्हणाले मशिनवरून झालं, कुणी म्हणालं जागेवरून. पुढं चनबस वर चढत गेला आणि महालिंग खाली. महालिंगच्या वाट्याची फौंड्री बंद पडली, आणि शेवटी गाडीही दारातून गेली.

*

"घेऊन काय करणार?" अव्वांनी विचारलं.

"काय म्हणजे? फिरणार."

"कुठं?"

चनबसनं रुमाल काढला, मान पुसली. बराच वेळ पुसत राहिला.

"एकदाच, अव्वा. ड्रायव्हरला पुढं बसवायचं, मी मागच्या डाव्या सीटवर, काच खाली करून. त्याच्या दारावरून जायचं. हळू. बस्स. मग ही विकून टाकीन आणि नवी घेईन."

मला असा संताप आला, काय सांगू. ज्या माणसानं अंगावरचं काढून याला घातलं, त्याच्याच दारावरून त्याचीच गाडी मिरवायची? पाठीत दोन घालाव्यात असं वाटलं. पण मठात आपलं काम चहा देण्याचं. मी कपबशा गोळा केल्या.

अव्वा रागावल्या नाहीत.

"का?" एवढंच म्हणाल्या.

"तुम्ही होता ना पूजेला."

"होते."

"बंगळूरचं मोठं गिऱ्हाईक आलं होतं. त्यानं मला गाडीचं दार धरून उभं राहिलेलं बघितलं आणि दादाला विचारलं, हे कोण. दादा काय म्हणाला आठवतंय?"

"तू सांग."

"म्हणाला, हा आमचा ड्रायव्हर." चनबसचा आवाज फाटला. "सगळे खो खो हसले. इंजिनियर भाऊ, निम्मा मालक, आणि ड्रायव्हर! त्या रात्री मला झोप आली नाही. अजून येत नाही."

म्हणजे मशिन नव्हतं, जागा नव्हती. हे एवढंच होतं. माझा राग कुठल्या कुठं गेला. वाईट वाटलं मला त्याचं.

अव्वांनी पदर झटकला. टरफलं खाली पडली. उठून त्यांनी हात धुतले.

"चल."

"कुठं?"

"त्याच्या दारावरून जायचंय ना? आत्ताच जाऊ. गाडी आहे, ऊनही उतरलंय."

चनबस बघतच राहिला. नको म्हणतील, समजूत घालतील, चार शब्द सुनावतील, अशी सगळी तयारी करून आला होता बिचारा. याची तयारी नव्हती.

"ड्रायव्हरला हाक मारतो," तो म्हणाला.

"त्याला जेवू दे. आत्ता पानावर बसलाय."

"मग गाडी चालवणार कोण?"

अव्वा पायऱ्या उतरायला लागल्या होत्या.

*

मीही निघालो. कुणी बोलावलं नव्हतं, पण तसल्या गाडीत बसायला परत कधी मिळणार? खोटं कशाला बोलू.

अव्वा गाडीपाशी जाऊन मागच्या डाव्या दाराजवळ उभ्या राहिल्या. हात पुढं केला नाही.

"मला पुढं गुडघे दुमडायला होत नाही. मागं पाय पसरता येतात म्हणालास."

"हो, पण…"

"हे कसं उघडतात ते मला माहीत नाही बाबा."

चनबसनं दार उघडलं. दार जड. त्यानं अव्वांचा हात धरला, डोकं लागू नये म्हणून वर आपला तळवा धरला आणि त्यांना अलगद बसवलं. तिथंच, त्याच चिंचेखाली. त्याच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. माझ्या आलं.

मी पुढं त्याच्या शेजारी बसलो. गाडी सुरू झाली की नाही तेच मला कळेना. झाडं मागं जायला लागली तेव्हा कळलं. आमच्या एसटीत बोल्ट न् बोल्ट बोलायचा.

"इथं खोलगट आहे," मागून अव्वा म्हणाल्या.

"दादाचं वजन. रोज तोच बसायचा ना. चामडं थोडं दबलंय. पॉलिशवाला वर काढून देतो, कळणारसुद्धा नाही."

"कळणार नाही?"

"नाही. अगदी नव्यासारखी होते."

"हं."

मोठ्या रस्त्याला लागलो. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. त्याच्यावरचा पोऱ्या टेप लावून मान डोलवत होता. टेपचा आवाज काही आमच्यापर्यंत आला नाही. नुसती मान हललेली दिसली.

"कंडक्टर, तुम्हाला ऐकू आलं काही?" अव्वांनी विचारलं.

"छे. मुकं चित्र."

"दुहेरी काच आहे, अव्वा," चनबस म्हणाला. काही झालं तरी गाडीचं कौतुक करताना त्याचा चेहरा फुलायचा. "तीच तर या गाडीची खासियत. मागं बसणाऱ्याला बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

"असं होय," अव्वा म्हणाल्या. "मग महालिंगलाही आलं नसेल."

चनबसनं आरशात बघितलं.

साखर कारखान्याचा फाटा गेला, पेट्रोल पंप गेला.

"चनबस."

"जी."

"तू काय केलंस, तो ड्रायव्हर म्हणाला तेव्हा?"

"काय करणार? चारचौघांत."

"काय केलंस?"

"…हसलो."

"मोठ्यानं?"

"सगळ्यांबरोबर हसलो, अव्वा. काय करणार होतो?"

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी काय?"

"त्याला सांगितलंस, मला लागलं म्हणून?"

चनबसनं गियरकडं उगाचच हात नेला आणि परत चाकावर ठेवला. त्या गाडीला टाकायला गियर नव्हताच.

"ते कळायला नको का त्याला?" तो म्हणाला. आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता. "सख्खा भाऊ ना तो? मी कुठं सांगत बसू?"

अव्वा थोडं पुढं वाकल्या. मग परत मागं टेकल्या.

"इथून तुझं तोंड दिसत नाही रे," त्या म्हणाल्या. "मान तेवढी दिसते. मागून."

*

गावात शिरलो. महालिंगचं घर गुरुवार पेठेच्या टोकाला आहे. पुढं लोखंडी फाटक, आत पेरूचं झाड. चनबसनं गल्लीच्या तोंडाशीच गाडी एकदम हळू केली. पाहिजे होतं त्यापेक्षाही हळू.

"काच खाली करू, अव्वा?"

"तुला करायची होती ना?"

"मी पुढं बसलोय."

"हो. तेही खरं."

फाटकाच्या आत महालिंग प्लास्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसला होता. बनियन, खाली पायजमा. वाळला होता फार. मी ओळखलं ते त्याच्या बसण्यावरून.

त्यानं मान वर केली आणि त्याला गाडी दिसली.

पेपर बाजूला ठेवून तो उठला. फाटकाबाहेर आला. आणि सवय बघा माणसाची… सरळ मागच्या डाव्या दाराकडं चालत आला. हात दाराकडं गेलासुद्धा. मग एकदम भान आलं. हात तसाच मागं घेतला, पायजम्याला पुसला आणि उभा राहिला.

मला बघवेना. मी समोरच्या काचेतून बघत राहिलो.

चनबसनं हे सगळं बाजूच्या आरशात बघितलं होतं.

"पुढं जाऊ?" तो पुटपुटला.

"थांबव. मला उतरायचंय. कंडक्टर, तुम्हीही उतरा."

मी उतरलो. चनबस उतरला. गाडीला वळसा घालून या बाजूला आला आणि त्यानं अव्वांसाठी दार उघडलं. दोघं भाऊ त्या दाराच्या दोन बाजूंना उभे. एकमेकांच्या इतक्या जवळ ते वाटणीनंतर आले नसतील.

"अव्वा, तुम्ही?" महालिंग गडबडला. वाकून पाया पडला. मग उभा राहून धाकट्याकडं बघितलं. "चनबस… ही तू घेतलीस होय?"

चनबसनं दाराच्या काचेवरचा डाग बोटानं पुसला.

"बरं झालं," महालिंग म्हणाला. "बरं झालं बाबा. कुण्या परक्याकडं जाईल म्हणून जीवाला घोर लागला होता." त्यानं आवाज खाली आणला, डीलर जसा काही मागंच उभा होता. "पण ऐक. पैसे दिले नसलेस तर आधी मागचं डावं सस्पेन्शन उघडून बघायला लाव. थंडीत रात्रभर उभी केली की तेवढा कोपरा बसतो. मी डीलरला सांगितलंय, पण तो काही तुला सांगणार नाही. फसवतील तुला. तू बोलत नाहीस ना, गप्प राहून ऐकून घेतोस. लहानपणापासून तसाच."

चनबसनं दाराची कड घट्ट धरली.

"दादा."

"काय रे?"

"त्या दिवशी… मला लागलं होतं."

"कुठल्या दिवशी?"

महालिंगनं खरंच विचारलं होतं. त्याच्या तोंडावर नाटक नव्हतं, काही नव्हतं. धाकटा काय सांगतोय ते समजून घ्यायला तो थोडा पुढं वाकला.

चनबसनं सांगायला तोंड उघडलं. डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, गल्लीत लोक बघतायत, आणि हा हमसून हमसून रडायला लागला.

"अरे, काय झालं? कुणी काय बोललं का तुला?" महालिंग घाबरला. "अव्वा, काय झालं याला?"

अव्वा सीटवरून सरकत सरकत कडेला आल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि खाली उतरल्या. मागं त्या सीटवर चामड्याचा तो खोलगट भाग तेवढा राहिला.

चनबसनं मनगटानं डोळे पुसले. काहीतरी करायचं म्हणून तो गाडीचं दार लावायला लागला.

"अव्वा, मग… गाडीचं काय करू?"

अव्वांनी चपला नीट केल्या, पदर डोक्यावर ओढला आणि शेतातून टेकडीला जाणाऱ्या जवळच्या वाटेकडं तोंड केलं.

"दार उघडंच राहू दे. मी चालत जाईन."